आठवं कडवं

पूनमनं लेकीच्या लग्नाची पत्रिका भावाच्या हातात ठेवली आणि ती वाचता वाचता गोरक्षच्या कपातला चहा बशीत आणि बशीतला मांडीवर आला. पत्रिकेत सगळं यथास्थित होतं. वर गणपती होता, कुलदैवत होतं, दोन्हीकडच्या भावकीतली हयात आणि कैलासवासी मंडळी आपापल्या हुद्द्यांसकट होती. फक्त अगदी तळाशी, जेवणाच्या सूचनेच्या वर, ठळक अक्षरांत एक जादा ओळ होती : 'मंगलाष्टक रचना – वधूचे मामा, कविवर्य गोरक्षभाऊ.'

"पुने, हे काय छापलंस?"

"तुझं नाव. बरुबर हाय ना?"

"नाव बरुबर हाय गं. पर मंगलाष्टक कुठं हाय?"

"हाय की, अर्धं. माझ्या लग्नात चार कडवी म्हनली व्हतीस ती. उरलेली चार कर आता. म्हैना हाय हातात."

"आगं पर—"

"पत्रिका वाटून झाल्यात दादा," पूनम पदर सावरत उठली. "आता तू जान आन तुझी कडवी जान."

गोरक्षची बायको सुभद्रा फडकं घेऊन मांडीवरचा चहा पुसायला आली. तिनं पत्रिकेतली ओळ वाचली, नवऱ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता फडकं त्याच्या हातात देऊन आत गेली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको काही बोलली नाही म्हणजे ती काय म्हणाली, हे गोरक्षला बरोबर कळायचं.

गोरक्ष चाकणजवळच्या एका खेड्यातला. वाडवडलांनी कांदा-बटाटा पिकवला. त्याच्या वेळेला शेताच्या बांधाशी कंपनी आली आणि तो तिच्यात तपासनीस म्हणून चिकटला. मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या तिथे बनतात. तपासणीत पास झाल्याशिवाय त्यानं एकही बिजागरी पुढे जाऊ दिली नाही, आणि लेखनातही त्याचा तोच खाक्या असल्यामुळे त्यातलं काहीच कधी पुढे गेलं नाही. त्याची एक कादंबरी होती, विहिरीवरची. चार प्रकरणं झाली तरी विहिरीला पाणी लागलं नव्हतं. व्यसनमुक्तीवरची एक एकांकिका होती. तिच्यातला नवरा पगाराचं पाकीट घेऊन दारूच्या गुत्त्याच्या दारात जो उभा राहिला होता, तो कंपनीत तीन मॅनेजर बदलले तरी तिथेच उभा होता. आत जावं की घराकडे वळावं, हे गोरक्षनं अजून ठरवलं नव्हतं.

हे सगळं साहित्य पिवळ्या कार्डांच्या पाठीवर लिहिलेलं होतं. कंपनीत वाया गेलेल्या मालाला लाल कार्ड लावतात, तो भंगारात जातो. थोडक्यात चुकलेल्या, दुरुस्त होण्यासारख्या मालाला पिवळं कार्ड लावतात. कंपनीचं नाव बदललं तेव्हा जुन्या नावाची पिवळी कार्डं टाकून द्यायची ठरली आणि गोरक्षनं ती गठ्ठ्यांनी घरी आणली. खिशात कायम पाच-पंचवीस कार्डं आणि एक पेन. लोक त्याला कवी म्हणायचे ते त्या खिशाकडे बघूनच.

पूनमचं लग्न अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं. वडील धर्माजी तेव्हा नुकतेच गेले होते आणि घरात कर्ता म्हणून गोरक्षच होता. भाऊ कवी, तेव्हा बहिणीची मंगलाष्टकं भावानंच करायची, हे पूनमनं हळदीच्या कितीतरी आधी जाहीर करून टाकलं होतं. आठ कडव्यांचा आराखडा पक्का होता. पहिली चार माहेरावर, पुढची तीन सासरावर आणि आठवं पाठवणीचं. पहिली चार त्यानं सपाट्यानं लिहिली. मग त्याला वाटलं, शेवट आधी लिहावा म्हणजे मधलं आपोआप सुचेल, आणि तो आठव्याला बसला तो बसलाच. लग्नात त्यानं स्वतः चार कडवी म्हटली आणि पाचव्याला तो गप्प झाला. गुरुजींनी प्रसंग ओळखून नद्यांची नावं असलेलं नेहमीचं मंगलाष्टक सुरू केलं आणि वेळ निभावून नेली.

लोकांना त्यानं सांगितलं, "डबल ड्युटी चालू व्हती, सवडच न्हाई मिळाली." लोकांनी ते मानलं. पूनमनं मानलं नाही. ती रागावली नाही, भांडली नाही, फक्त दर भाऊबीजेला ओवाळताना एकदा म्हणायची, "माझ्या लग्नात चार कडव्यांनंतर समद्या नद्या आल्या, भाऊ काय आला न्हाई." सगळे हसायचे, गोरक्षही हसायचा. ओवाळणीचं ताट मात्र त्याला दर वर्षी थोडं जड वाटायचं.

आता तिची मुलगी संस्कृती लग्नाला उभी होती. तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरी, नवरा वाकडचा, शेखर नावाचा, तोही कॉम्प्युटरवालाच. मामाला त्या दोघांचं काम कळत नव्हतं, पण पोरगी चांगल्या घरी चालली होती. आणि पत्रिका वाटून झाल्या होत्या.

या वेळी गोरक्षनं शहाणपणा केला. त्यानं आठव्याला हातच लावला नाही. पाचवं, सहावं, सातवं असं ओळीनं घेतलं, रोज पहिली पाळी संपवून आल्यावर ओट्यावर बसायचं आणि मात्रा मोजत बोटं नाचवायची. शेजाऱ्यांना वाटलं, माणूस हिशेब करतोय, लग्नाचा खर्च मामावर पडलेला दिसतोय. लग्नाच्या आदल्या दिवशी सात कडवी तयार होती.

"आठवं?" सुभद्रानं विचारलं.

"उद्या सकाळी. ताज्या डोक्यानं."

सुभद्रानं फडकं आणून त्याच्याजवळ ठेवलं.

लग्न तळवड्याच्या रस्त्यावरच्या एका लॉन्सवर होतं. मोठं प्रवेशद्वार, त्याच्यावर दोन्ही घराण्यांचे फ्लेक्स, आत हजारभर माणूस. मंगलाष्टकं म्हणायला ऑर्केस्ट्रातली एक गायिका ठरवली होती, कारण मुलीच्या मामानं मुलीच्या पाठीशी उभं राहायचं असतं, त्याला माइकपाशी जाता येत नाही. सकाळीच गोरक्षनं सात कार्डं तिच्या हातात दिली. "आठवं आनून देतो," तो म्हणाला. बाई समंजस होत्या. "द्या हो सावकाश. मी जे हातात येईल ते गाते," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यानं त्या वेळी मनावर घ्यायला हवं होतं.

तो स्टेजमागच्या, खुर्च्या ठेवायच्या खोलीत जाऊन बसला. बाहेर नवरदेव परण्याहून, देवळात पाया पडून, निघाल्याचा बँड ऐकू येत होता. कार्ड कोरं होतं. बँड जवळ आला तरी कार्ड कोरंच होतं. मुहूर्त आता चार पावलांवर आला. तेवढ्यात लाउडस्पीकरवर सोपानरावांचा आवाज घुमला.

सोपानराव म्हणजे निवेदक. चाकणपासून दापोडीपर्यंत त्यांच्या आवाजाशिवाय लग्न लागत नसे. "आपल्यामध्ये उपस्थित असलेले, तरुणांचे आशास्थान, भावी नगरसेवक—" त्यांनी स्वागताला सुरुवात केली. या स्वागतांना गोरक्ष आयुष्यभर शिव्या घालत आला होता. आज पहिल्यांदा तो आवाज त्याला देवासारखा धावून आलेला वाटला. स्वागतं चालू आहेत तोवर लग्न लागत नाही आणि लग्न लागत नाही तोवर आठवं कडवं लिहायला वेळ आहे. पण नावं संपली तर? त्यानं खिशातून एक पिवळं कार्ड काढलं, त्याच्यावर खेड्याच्या माजी सरपंचांचं आणि सोसायटीच्या दोन सदस्यांचं नाव लिहिलं आणि सुभद्राला बोलावून म्हणाला, "हे सोपानरावांस्नी दे. राहिलं म्हनावं."

नावं वाचली गेली. तिघांपैकी दोघं आलेलेच नव्हते, पण सोपानरावांच्या व्यवसायात ते फारसं आड येत नाही. गोरक्षला थोडा वेळ मिळाला. त्या वेळात कडवं झालं नाही, म्हणून त्यानं दुसरं कार्ड पाठवलं. मग तिसरं.

इथपर्यंत ते गोरक्षच्या हातात होतं. पण मुलीकडच्यांची एवढी नावं वाचली जातायत हे मांडवात बसलेल्या वाकडकरांच्या ध्यानात आलं. नवरदेवाचे वडील ज्ञानदेवराव शांत गृहस्थ होते, पण शेवटी मुलाचे बाप होते. त्यांनी पुतण्याला म्हटलं, "आपल्या लोकांची नावं काय पाण्यात पडली का रे?" आणि वाकडकरांची यादी स्टेजवर आली. ती वाचली गेली तेव्हा ज्योतीरामला, म्हणजे पूनमच्या नवऱ्याला, आपल्या तळवड्याच्या भावकीची आठवण झाली. मग तळवड्याची यादी आली. ज्याचं नाव येईल तो फेटा बांधून घ्यायला स्टेजवर चढू लागला. फेटे संपले. तेव्हा फेटेवाला स्टेजच्या एका बाजूनं उतरणाऱ्याच्या डोक्यावरचा फेटा काढून दुसऱ्या बाजूनं चढणाऱ्याच्या डोक्यावर ठेवू लागला. एकाच वॉर्डातले दोन भावी नगरसेवक समोरासमोर आले आणि आधी कोणी उतरायचं यावरून जिन्यावरच थांबले.

"मुहूर्त गेला," गुरुजी ज्योतीरामला म्हणाले. त्यांना मोशीला दुसरं लग्न होतं.

"आता वो?"

"एक जादा धरलेला असतो आम्ही. पण तोही चाललाय."

दुसऱ्या पाळीची पोरं कंपनीचा गणवेश घालूनच आली होती. त्यांची बस सुटायची वेळ झाली होती, म्हणून ती मुठीत अक्षता धरून, एक पाय गेटकडे ठेवून उभी होती. म्हाताऱ्या माणसांना झोप लागली होती. लहान पोरांनी अक्षतांतले तांदूळ खायला सुरुवात केली होती. सगळ्या मांडवात पोटातल्या भुकेशिवाय दुसरा विषय उरला नव्हता. आणि खुर्च्यांच्या खोलीत गोरक्ष कोऱ्या कार्डापुढे घामाघूम होऊन बसला होता. बाहेरचं सगळं त्याला ऐकू येत होतं, ते आपल्यामुळे चाललंय हे कळत होतं, आणि तरी हात चालत नव्हता.

दार ढकलून पूनम आत आली. हिरवा शालू, नाकात नथ, हातात अक्षतांचं मोठं तबक. ती जादा खुर्च्या बघायला आली होती. भावाला तिथे बघून ती क्षणभर थांबली.

"झालं का रे?"

"झालंच. एवढं शेवटचं कडवं राह्यलंय."

पूनमनं त्याच्या हातातलं कोरं कार्ड पाहिलं. ती हसली नाही, नद्यांचं नाव काढलं नाही. "राहू दे दादा," ती म्हणाली. "सात झाली ना? लई झाली. तू नुसता येऊन पोरीच्या मागं उभा ऱ्हा." आणि ती निघाली. दारात गेल्यावर थबकली, मागे वळली. "पंखा तरी लाव. घाम बघ किती आलाय," म्हणाली आणि गेली.

गोरक्ष दाराकडे बघत राहिला. अठ्ठावीस वर्षांपूर्वी पाठवणीच्या वेळी ती अशीच उंबऱ्यात थबकली होती, अशीच मागे वळली होती आणि म्हणाली होती, "दादा, म्हशीला पेंड घाल रं, सकाळधरनं उपाशी हाय." सगळे तिला गाडीत बसवायला पुढे झाले होते. भाऊ तेवढा गोठ्याकडे निघून गेला होता. म्हशीला पेंड घातली होती, पाणी दाखवलं होतं, आणि गाडीचा आवाज बंद होईपर्यंत तो म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला होता. जा म्हणायचं राहून गेलं होतं. सवड तर त्या काळात हवी तेवढी होती. डबल ड्युटीची गोष्ट त्यानं नंतर रचली होती.

पेन आपोआप चालू लागलं. चार ओळी, एकही खोड नाही. शेवटची मात्रा बसली तेव्हा बाहेर कुठल्या तरी पतसंस्थेच्या संचालकांचं स्वागत चाललं होतं. आयुष्यात पहिल्यांदा गोरक्षनं काहीतरी शेवटपर्यंत लिहिलं होतं, आणि ते दाखवायला समोर खुर्च्यांशिवाय कोणी नव्हतं.

दार पुन्हा उघडलं. ज्योतीराम. "पाव्हनं, तुमी हितं? आवो चला, पोरगी आनायची मामानं. गुरुजी निघाल्यात मोशीला!"

"आलो, आलो दाजी!" गोरक्ष धडपडत उठला. ज्योतीरामच्या मागे सुभद्रा उभी होती. पुढच्या हप्त्याची नावं लिहिलेलं एक कार्ड अजून त्याच्या हातात होतं आणि एक कडव्याचं. एवढं लिहून ठेवलंय तर वाया कशाला घालवा, असा कंपनीतल्या माणसाचा विचार त्यानं केला. "हे बघ," तो सुभद्राला म्हणाला, "वरचं गानाऱ्या बाईस्नी आन खालचं सोपानरावांस्नी. इसरू नको. वरचं बाईस्नी."

सुभद्रानं दोन्ही कार्डं पर्समध्ये टाकली. पर्समध्ये वर आणि खाली असं काही नसतं, हे गोरक्षच्या डोक्यात आलं नाही.

तो संस्कृतीला आणायला वरच्या खोलीकडे वळला. तो जिन्याच्या मध्यावर असताना लाउडस्पीकरमधून सोपानरावांचा आवाज आला.

"आणि यानंतर, आपल्यामध्ये आवर्जून उपस्थित असलेल्या—" इथे सोपानराव किंचित अडखळले. कार्डावरचं आधी वाचून बघायची सवय त्यांना नव्हती. पण त्यांनी 'पूनम' हे नाव पाहिलं, धीर आला आणि त्यांनी सुरुवात केली. "गेली पूनम—"

एकदा सुरू केलेलं वाक्य अर्ध्यावर सोडायचं नाही, हा त्यांचा व्रतस्थपणा. शिवाय तरुणपणी त्यांनीही पुष्कळ लग्नांत मंगलाष्टकं म्हटली होती. दुसऱ्या शब्दाला त्यांच्या गळ्यानं ती चाल ओळखली आणि ते गाऊ लागले.

'गेली पूनम, उंबऱ्यात अडली, मागे वळूनी पुन्हा
भाऊ मी, मज बोलता न जमले, हा एवढाची गुन्हा
लेकीला बघ पाठवीत असता, तू आज दारी उभी
आता मी म्हणतो, सुखात अस गे, कुर्यात् सदा मंगलम्.'

आणि सवयीनं, छातीभर श्वास घेऊन : "शुभमंगल सावधान!"

मांडवाला एवढंच हवं होतं. मंगलाष्टकातलं कितवं कडवं चाललंय हे लग्नात कोणी मोजत नाही. हजार मुठी एकदम उघडल्या आणि तासभर घामात भिजलेल्या अक्षता नवरा-नवरी नसलेल्या स्टेजवर पडल्या. बँडमास्तरनं इशारा केला, वाजंत्री दणाणली. फटाक्यांच्या माळेला काडी लागली. फुलं उडवणारं यंत्र फुलं उडवून मोकळं झालं. झोपलेले म्हातारे जागे झाले, "लागलं बाबा एकदाचं," म्हणाले आणि सगळा मांडव जेवणाकडे धावला. गणवेशातली पोरं गुलाबजाम तोंडात टाकून बसकडे पळाली. नवरदेव त्या वेळी स्वागतं संपायची वाट बघत अजून गेटवर, घोड्यावर होता.

"माझ्या पोराबिगर लग्न लावलं का काय यांनी!" ज्ञानदेवराव गरजले. सोपानराव माइकवरून, "कृपया परत या, लग्न अद्याप लागलेले नाही, वधू-वर अद्याप यायचे आहेत," असं सांगत राहिले. पण ताट हातात आलेल्या माणसाला माइक ऐकू येत नाही.

गोरक्ष जिन्यातच बसला. संस्कृती शालू सावरत वरून आली. "मामा, काय झालं? बँड का वाजला?"

"काय न्हाई बाळा," गोरक्ष म्हणाला. "तुझं मंगलाष्टक जरा उलटं सुरू झालं."

खरं लग्न त्यानंतर लागलं. घरची माणसं, गुरुजी आणि पहिल्या पंक्तीत जागा न मिळालेले काही पाहुणे एवढेच हजर होते. अक्षता उरल्या नव्हत्या. आचाऱ्यानं भातासाठी निवडलेले तांदूळ परातीत आणून दिले, त्यांना घाईनं कुंकू लावलं. अंतरपाट धरला गेला. गोरक्ष भाचीच्या पाठीशी उभा राहिला आणि गायिका गाऊ लागली. पहिलं कडवं, अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं : अंगण, गोठा, परकरातली पोर. छान गायल्या बाई. गोरक्षनं पूनमचा चेहरा बघण्यासाठी मान वळवली. ज्योतीराम होता, सुभद्रा होती. पूनम नव्हती.

आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं. मुलीच्या आईनं मुलीचं लग्न लागताना बघायचं नाही, मंगलाष्टक ऐकायचं नाही. तिनं तुळशीपाशी जाऊन बसायचं. त्यांच्याकडची पिढ्यान् पिढ्यांची पद्धत. बायका मघाच तिला मागे घेऊन गेल्या असणार. तुळस होती स्वयंपाकघराच्या मागे, जनरेटरला लागून. गावात एवढ्या लग्नांना तो गेला, उभा राहिला, जेवला, आणि महिनाभर ओट्यावर बोटं नाचवताना ही साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नाही. ज्या एका माणसासाठी हे मंगलाष्टक पुरं करायला घेतलं, त्या माणसाला ते ऐकायला मिळणारच नव्हतं. गोरक्षचे डोळे भरून आले. बघणाऱ्यांना वाटलं, मामाचा भाचीवर केवढा जीव.

पाचवं झालं, सहावं झालं, सातवं झालं. मग गायिकेनं आठवं कार्ड उचललं. गोरक्षनं डोळे मिटून घेतले. बाई हातात येईल ते गात असत, आणि त्यांनी शब्दाला जागून, त्याच चालीत, एकेका अक्षराला ताण देत गायलं : 'दूध सोसायटीचे माजी चेअरमन रोहिदास आप्पा, भजनी मंडळाचे अध्यक्ष आबाजी तात्या, आणि ज्यांची नावे अनवधानाने राहिली ते सर्व... कुर्यात् सदा मंगलम्.'

"शुभमंगल सावधान!" गुरुजी ओरडले आणि अंतरपाट सोडून मोशीच्या दिशेनं निघालेसुद्धा.

रोहिदास आप्पा हातात ताट घेऊन मांडवाच्या कडेला उभे होते. त्यांच्या घशात घास अडकला. त्यांचं नाव फ्लेक्सवर आलं होतं, पेपरात आलं होतं, पण मंगलाष्टकात पहिल्यांदाच येत होतं. ते तसेच स्टेजवर आले आणि गोरक्षला त्यांनी मिठी मारली. "गोरक्षा, लेका, मानलं तुला! मार्गशीर्षात माझ्या नातीचं हाय. तिचं बी तूच लिवायचं. माझं नाव हाय तिथंच ठेव." बाकीच्या भावकीनं मात्र जेवताना एकच विषय पुरवून खाल्ला. गोरक्षचं याही वेळी सातावरच आटोपलं आणि आठव्याला त्यानं चेअरमन घालून वेळ मारून नेली. गेल्या वेळी निदान नद्या तरी होत्या, असंही कोणी म्हणालं.

गोरक्षनं खुलासा केला नाही. कोणाला सांगणार आणि काय सांगणार? जन्मात एक गोष्ट पुरी झाली होती आणि ती भुकेल्या माणसांनी बँडच्या आवाजात उडवून लावली होती.

संध्याकाळी पाठवणी झाली. संस्कृती गाडीत बसली. या वेळी गोरक्ष कुठे गेला नाही. गाडीचं दार त्यानं स्वतःच्या हातानं उघडलं, भाचीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जा बाळा. सुखात ऱ्हा." दार लावताना बिजागरी जराही वाजली नाही, हेही त्यानं ऐकलं. गाडी वाकडच्या रस्त्याला लागली.

लॉन्सवर माणसं खुर्च्या एकात एक रचत होती. पूनम एका खुर्चीवर बसली होती, नथ काढून हातात घेतलेली. गोरक्ष तिच्या शेजारी जाऊन बसला.

"मंगलाष्टक कसं झालं रे?" तिनं विचारलं. "मी तुळशीपाशी व्हते. त्या जनरेटरनं एक अक्षर ऐकू दिलं न्हाई."

"झालं आपलं. आठव्याला जरा घोटाळा झाला."

"कळलं मला. रोहिदास आप्पा समद्यांस्नी सांगत फिरत्यात." ती किंचित हसली. मग तिनं कनवटीला खोचलेलं एक पिवळं कार्ड काढलं आणि मांडीवर ठेवून हातानं सरळ केलं. "मी एकच ऐकलं. सोपानरावांनी म्हनलेलं. मी तवा गेटवर बायांना कुंकू लावत व्हते. नंतर जाऊन मागून घेतलं त्यांच्याकडनं."

गोरक्षनं आपलं अक्षर ओळखलं.

"सकाळधरनं निम्म्या जिल्ह्याचं स्वागत झालं माइकवर," पूनम म्हणाली. "जे आलं न्हाईत त्यांचं बी झालं. पोरीच्या आईचं स्वागत कोन करतं का दादा? कुनाच्या ध्यानात बी येत न्हाई. आन मला मंगलाष्टक ऐकायला मिळायचं न्हाई, ते बी तुझ्याशिवाय कुनाच्या ध्यानात आलं न्हाई. म्हनून तू तेवढं एक आधीच चिठ्ठी पाठवून म्हनवून घेतलंस. व्हय ना?"

गोरक्ष जन्मभर तपासणी खात्यात होता. खोटा माल त्यानं कधी पास केला नव्हता. त्यानं बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं. दिवसभराच्या दगदगीनं काजळ उतरलं होतं.

"व्हय," तो म्हणाला. "मीच पाठवली व्हती."

पूनमनं कार्ड पुन्हा कनवटीला खोचलं आणि पदरानं डोळे टिपले. भाऊबीजेचं वाक्य आता संपलं होतं. पुढच्या वर्षी ओवाळताना ती काय म्हणेल याचा गोरक्ष विचार करू लागला, तेवढ्यात ती उठली आणि चार पावलं जाऊन, नेहमीसारखी, मागे वळली.

"आन दादा, त्या गुत्त्याच्या दारातल्या मानसाचं बी बघ आता कायतरी. त्याची बायकू वाट बघत असंल की रं घरी."